सत्कारमूर्तींनी उठायचे नसते

दसरा झाला की आमच्या कॉलेजच्या मित्रांचा गट सहलीला निघतो. शिकलो सगळे साताऱ्यात. आता निम्मे साताऱ्यात आहेत, निम्मे सांगलीकडे. पहिली काही वर्षे सहल म्हणजे स्कूटर, कागदात बांधलेले भडंग आणि यवतेश्वराच्या चढावर एखाद्या दगडावर बसून एकमेकांची काढलेली उणीदुणी. आभार कुणी कुणाचे मानत नसे. कुणाला भडंग कमी मिळाले, यावर परतीच्या वाटेत भांडण होई आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा हजर असत.

मग पगार वाढले, पोटे वाढली, गाड्या आल्या. गटाला नाव मिळाले, नावाला चिन्ह मिळाले आणि चिन्ह टी-शर्टवर छातीशी आले. एका वर्षी आम्ही कासला गेलो. पठारावर फुले होती आणि फुलांकडे पाठ करून उभी असलेली माणसे होती. आमचा गटही पाठ करून उभा राहिला, पुन्हा गाडीत बसला आणि घरी पोचण्याआधी सर्वांनी निसर्गाचे ऋण मान्य केल्याचे संदेश एकमेकांना पाठवले.

कृतज्ञतेचा खरा शिरकाव झाला तो सांगलीच्या एका मित्रामुळे. तो ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. माणूस कष्टाळू, व्यवहाराला चोख. पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात शनिवार-रविवारचे शिबिर करून आला आणि सोमवारपासून कृतज्ञ झाला. रोज सकाळी गटावर त्याचा संदेश येऊ लागला. आज मी सूर्याचा कृतज्ञ आहे. आज मी माझ्या श्वासाचा कृतज्ञ आहे. खाली बाकीचे हात जोडलेली चित्रे टाकत. दुकानातल्या माणसांना सुट्टी देताना मात्र त्याचा हात पूर्वीइतकाच आखडता होता, हे मला त्याच्याच बायकोने सांगितले.

यंदा त्याने गटावर जाहीर केले की सहल त्याच्या मेढ्याच्या प्लॉटवर होईल आणि तिथे त्याच्या आईचा कृतज्ञता सोहळा करायचा.

त्याच्या आईला आम्ही सगळे मावशी म्हणतो. माहेर-सासर दोन्ही वडूजकडचे. यजमान लष्करात, नेमणूक कायम लांब. म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी मावशी साताऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिल्या. आम्ही खोल्यांवर राहणारी मुले दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. बाजरीची भाकरी, एखादे कालवण, वर शेंगदाण्याची चटणी. कुणी जास्त वाढा म्हटले की मावशी म्हणत, "घ्या की रं हातानं, मी काय हाटेल काढलंय?" मावशींनी आम्हाला खाऊ घातले हे खरे आहे. त्यांच्याविषयी काही वाटणे योग्यच होते. पण वाटलेले पाहुण्यांसमोर माइकवर सिद्ध केल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही.

या बाबतीत माझे मत वाईट आहे आणि त्याला कारण आहे. नोकरीची सगळी वर्षे मी जिल्ह्याच्या दैनिकात बातम्या तपासण्यात घालवली. गावोगावहून येणाऱ्या मजकुरात सत्काराच्या बातम्यांचा ढीग सगळ्यात मोठा. सेवानिवृत्तीबद्दल सत्कार, निवडीबद्दल सत्कार, निवड न झाल्यावर समजूत काढण्यासाठी सत्कार. क्रम ठरलेला: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगते, सत्काराला उत्तर, अध्यक्षीय भाषण. आणि आभार सगळ्यात शेवटी, लोक आपापल्या चपला शोधत असताना. सत्कारमूर्ती या काळात काय करतात, हे एकाही बातमीत लिहिलेले नसे. ते बसलेले असतात. बसणे हेच त्यांचे काम. मधे उठले तर व्यासपीठावरच्या सगळ्यांचा अपमान होतो. हा नियम कुठे छापलेला नाही, पण मोडताना मी कुणाला पाहिले नव्हते.

सहलीच्या दिवशी सांगलीच्या गाड्या सकाळी साताऱ्याला आल्या आणि हायवेवरच्या हॉटेलात सगळ्यांचा चहा झाला. मावशींना मुलाने नवे रेशमी नऊवारी नेसायला लावले होते. चहानंतर मित्राची बायको त्यांना घेऊन हॉटेलच्या मागे जाऊन आली आणि माझ्या बायकोपाशी येऊन हळूच म्हणाली, "आईंच्या पायाला सूज आहे ना, डॉक्टरांनी लघवीची गोळी दिलीय. सकाळची चुकवायची नाही म्हणालेत. दिलीय आत्ता. आता थोड्या थोड्या वेळानं जावं लागणार. तिकडं सोय असेल ना?"

"प्लॉट तुमचा," माझी बायको म्हणाली.

"मी कुठं बघितलाय? मलाही आजच दाखवणार आहेत."

सोय नव्हती. वर पोचल्यावर जे दिसले ते असे. मेढ्याच्या वरच्या डोंगरावर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून, जेसीबीने साफ केलेली लाल जमीन. तिथे पूर्वी कारवी आणि करवंदीच्या जाळ्या होत्या; व्ह्यू अडतो म्हणून मुळासकट काढल्या होत्या. आता माणसाच्या कमरेइतकेही झुडूप राहिले नव्हते. भोवती तारेचे कुंपण, पुढे लोखंडी फाटक, फाटकावर मालकाचे नाव. एक झोपाळा. फोटोसाठी बदामाच्या आकाराची एक चौकट. मांडव, जनरेटर, दोन मोठे स्पीकर. संडास नव्हता, मोरी नव्हती, आडोशाला एक भिंतही नव्हती. पुरुषांची सोय गाड्यांच्या रांगेमागे आपोआप झाली होती, त्यामुळे ही उणीव कुणाच्या लक्षात येण्याचे कारण उरले नव्हते. सह्याद्रीचे आभार मानणारा एक मोठा फलक मात्र होता.

मांडवाच्या मागच्या फ्लेक्सवर मावशींचा फोटो होता. तो कुठल्या तरी लग्नातला. शेजारच्या बाईचा खांदा कापायचा राहून गेला होता. खाली आम्हा सगळ्यांचे तिकिटाएवढे चेहरे. फ्लेक्सपुढे साताऱ्याच्या मंडपवाल्याकडून आणलेले लग्नाचे सिंहासन: लाल मखमल, सोनेरी सिंह, पाठीला मोरपिसारा.

"ह्यात बसू?" मावशी म्हणाल्या. "ह्यात नवरी बसती रं."

"बस गं आई. तुझ्यासाठीच आणलंय."

मावशी बसल्या आणि खोल गेल्या. मखमलीखालचा स्पंज जुना होता. पाय जमिनीवरून उचलले गेले, गुडघे वर आले. "आता उठायचं कसं ह्यातनं?" त्यांनी विचारले. सगळे हसले.

सूत्रसंचालन आमच्यातल्याच एका मित्राकडे होते. तो वाईचा, साताऱ्यात प्राध्यापक आहे आणि शहरातला एकही सोहळा त्याच्या आवाजाशिवाय पुरा होत नाही. "शरदाच्या या प्रसन्न, शीतल सकाळी," त्याने सुरुवात केली. ऊन डोक्यावर आले होते आणि मांडवाचे कापड तापून वास मारत होते. समई वाऱ्याने पुन्हा पुन्हा विझली, तरी ज्योत पेटेपर्यंत फोटोग्राफर थांबला. बायकांनी औक्षण केले, गळ्यात हार घातला. मग फेटा बांधायचा निघाला. मावशींनी पदर घट्ट धरला. "डोस्कं झाकल्यालं हाय की. आनि काय झाकतूस?" फेटा सिंहाच्या डोक्यावर ठेवण्यात आला.

पुढे शाली. प्रत्येक जोडप्याने एक शाल, एक नारळ आणि एक फोटो, असे ठरलेले. प्रत्येक जण शाल खांद्यावर घाली, फोटोग्राफरकडे बघून थांबे आणि बाजूला होई. आधीची शाल काढायची नाही, कारण पुढच्या फोटोत ती दिसली पाहिजे. आश्विनातल्या उन्हात शालींखाली मावशींचा चेहरा तेवढा उरला. कुणाला तरी त्यांची दया आली. "ऊन आहे, मावशींना पाणी द्या," तो ओरडला. पाणी आले, पाठोपाठ नारळपाणी आले. मावशींनी दोन्ही हातांनी ढकलले.

"प्या मावशी, चांगलं असतं."

"चांगलं आसतं ते म्हाईत हाय मला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सुनेला खुणेने जवळ बोलावले. पुरुषांच्या घोळक्यात ही गोष्ट मोठ्याने बोलायची त्यांची रीत नव्हती. सून कान लावून वाकली आणि सरळ नवऱ्याकडे गेली. मी शेजारीच उभा होतो.

"अहो, आईंना जायचंय."

मित्राने मांडवाबाहेर नजर फिरवली. समोर लाल जमीन, कुंपण, दरी. त्याला प्रश्न कळला, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "मनोगतं सुरू करतोय. दोन-दोन शब्द बोलतील सगळे."

दोन शब्द बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पहिला उठला तो बँकेतून निवृत्त झालेला मित्र. त्याने मावशींपासून सुरुवात केली, तिथून स्वतःच्या आईकडे गेला, तिथून बँकेत, आणि बँकेत बराच वेळ राहिला. आपल्याला बढती कशी उशिरा मिळाली आणि तरी आपल्या मनात कटुता कशी नाही, हे त्याने कटुतेने सांगितले. मावशी सिंहासनात एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर सरकत होत्या. सिंहाचे कान त्यांनी मुठीत धरले होते.

नंतर प्राध्यापकाने स्वतःच माइक घेतला. त्याचा आवाज आधीच भरून आला होता. "मित्रहो, फाटक्या लुगड्याला गाठी मारून, स्वतः उपाशी राहून या माउलीने आम्हाला..."

"ह्यो कुणाच्या आईचं सांगतोय गं?" मावशींनी सुनेला विचारले. पहिल्या रांगेला ऐकू गेले. मग त्या थेट प्राध्यापकालाच म्हणाल्या, "आरं, फाटकं कशापायी? मिल्ट्रीचा पगार येत हुता. आनि उपाशी मी कवा व्हते रं? तुमच्या आदी जेवायची मी."

टाळ्या पडल्या. "हीच ती माउलीची विनोदबुद्धी!" प्राध्यापक म्हणाला आणि पुन्हा फाटक्या लुगड्याकडे वळला. लिहून आणलेले होते, सोडणार कसे?

मावशींनी सुनेचे मनगट धरले. ती पुन्हा नवऱ्याकडे गेली. या वेळी तिचा आवाज दबका नव्हता. "त्यांना थांबवत नाहीये. गोळी दिलीय सकाळी. कुठं न्यायचं सांगा."

"कुठं नेणार आता? वर बघ."

वर ड्रोन होता. फोटोग्राफरने तो खास या सोहळ्यासाठी आणला होता आणि तो प्लॉटभोवती घिरट्या घालत होता. उघड्या माळावर जो काही आडोसा एखाद्या बाईने शोधला असता, तोही वरून टिपला गेला असता.

"तो खाली घ्यायला सांगा."

"अगं, वेळेचे पैसे घेतो तो. आणि आई मधेच उठली तर सगळ्या शूटिंगचा विचका होईल. आता उत्तराचं भाषण, की संपलंच."

प्राध्यापक बोलता बोलता माइक बाजूला धरून वाकला आणि समजुतीने म्हणाला, "वहिनी, सत्कारमूर्तींनी मधे उठायचं नसतं. बरं दिसत नाही."

तिसऱ्यांदा सुनेला जावे लागले ते सासूने काही सांगितले म्हणून नव्हे. मावशी आता बोलतच नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ आत घेतले होते आणि कपाळावरच्या कुंकवातून घाम वाहत होता. प्राध्यापकाने सर्वांचे लक्ष त्या मिटलेल्या डोळ्यांकडे वेधले आणि त्याला आठवणींत हरवणे असे नाव दिले. सून नवऱ्यापाशी जाऊन म्हणाली, "मी त्यांना उठवतेय." तो म्हणाला, "दोन मिनिटं, दोनच मिनिटं," आणि पुढे सरकून तिच्या वाटेत उभा राहिला. फोटोत तो मान हलवून वक्त्याला दाद देताना दिसतो.

तेव्हा माझी बायको उठली. ती सोहळ्यांत मागच्या रांगेत बसते आणि सहसा काही बोलत नाही. ती खुर्च्यांमधून वाट काढत सिंहासनापाशी गेली आणि म्हणाली, "उठा मावशी."

"उठवत न्हाई गं."

दोघींनी दोन काखांत हात घातले आणि ओढले. पहिल्यांदा शाली निघाल्या, मावशी तशाच राहिल्या. दुसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या. हार तुटला. प्राध्यापक क्षणभर थांबला, मग सराईत माणसाप्रमाणे म्हणाला, "मावशींना भावना अनावर झाल्या आहेत. आपण त्यांना थोडा वेळ देऊ या. तोपर्यंत पुढचे मनोगत..."

गाडी काढण्यात अर्थ नव्हता. आमच्यापुढे इतरांच्या गाड्या आडव्या लावल्या होत्या. फाटकाबाहेरच्या उतारावर भाताची खाचरे होती आणि खाचरांच्या कडेला एक कौलारू घर. विचारायला मी पुढे गेलो. अंगणात एक बाई घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा बडवत होती. मी काय म्हणतोय ते मला नीट जुळवता येईना. "आमच्यासोबत एक वयस्कर मावशी आहेत, त्यांना जरा..."

"संडास व्हय?" ती म्हणाली. "मंग आणा की. कडंकडंनं या, कुत्रं बांधल्यालं हाय."

मी वळलो. त्या तिघी उतारावर निम्म्यात आल्या होत्या. सून आणि माझी बायको दोन बाजूंना, मधे मावशी, छोटी छोटी पावले टाकत. मग मावशी थांबल्या. पुढे एक पाऊल टाकण्याची त्यांची घाईच संपली. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरव अशी खूण केली. मी पाठ करून भाताच्या लोंब्या बघत उभा राहिलो. वर स्पीकरवर कुणीतरी मातृऋण कशानेही फिटत नाही असे सांगत होते, आणि आवाज खालपर्यंत स्वच्छ येत होता.

पुढचे मला बायकोने नंतर सांगितले. घरातल्या बाईने काही विचारले नाही. तिची स्वतःची सासू गुडघ्यांनी अधू. तिच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासात ठेवली होती. मावशींना तीवर बसवले. बंबातले कोमट पाणी दिले. मावशींचे नवे रेशीम बादलीत भिजत पडले आणि बाईने आपल्या सासूचे धुतलेले, विटलेले सुती लुगडे आणून दिले. मावशी बाहेर आल्या तेव्हा ते नेसून आल्या. चेहरा धुतलेला, कुंकू गेलेले. कुणाकडे न बघता त्या अंगणात पोत्यावर बसल्या आणि पुढ्यातल्या शेंगा ओढून दाणे काढू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या की आजी," बाई म्हणाली.

"हाताला चाळा हवा." थोड्या वेळाने मावशींनी विचारले, "तुजी सासू कुटं हाय?"

"आत निजल्याली हाय. तुमी कुटल्या?"

"वडूजकडच्या."

"तिकडं पान्याचं लय हाल म्हनं."

"हाल हाय. पर मोरी हाय घराला," मावशी म्हणाल्या, आणि बाई पदर तोंडाला लावून हसली. मावशी हसल्या नाहीत.

वर आभारप्रदर्शन सुरू झाले. सूर्याचे आभार मानले गेले, सह्याद्रीचे मानले गेले, धरणाच्या पाण्याचे, मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, ड्रोनचे. मावशींनी मान वर केली. "आजून कुनाचं ऱ्हायलंय?"

"आभार चाललेत," माझी बायको म्हणाली.

"माजं?"

"सगळ्यांचेच."

"मानू द्या," मावशी म्हणाल्या आणि शेंग मोडली.

माझा फोन वाजला. मित्राने गटावर नव्हे, फक्त मला पाठवलेली सोहळ्याची बातमी होती. उद्याच्या अंकासाठी जुन्या सहकाऱ्यांकडे देशील का, अशी विनंती वर. मजकूर आधीच टाइप केलेला असणार. 'मातोश्रींचा कृतज्ञता सोहळा उत्साहात.' तिसऱ्या परिच्छेदात सत्काराला उत्तर देताना मातोश्री काय म्हणाल्या, ते अवतरणचिन्हांत दिले होते. मुलांच्या प्रेमाने आपण भरून पावलो, असे त्या म्हणाल्या होत्या. अशा बातम्यांवर माझी वर्षे गेली, त्यामुळे नवल वाटले नाही. भाषणाआधी भाषणाची बातमी येणे हा आमच्या जिल्ह्यात नेहमीचा प्रकार आहे. मी फोन खिशात ठेवला.

थोड्या वेळाने मित्र स्वतः उतरून आला. टी-शर्टवरचे चिन्ह घामाने भिजले होते. अंगणात येताच त्याने आईकडे पाहिले.

"आई, हे काय नेसलीस? साडी का बदललीस? ग्रुप फोटो राहिलाय."

सून म्हणाली, "भिजली."

"पाणी सांडलं?"

"नाही."

त्याला समजायला वेळ लागला. त्याने बादलीकडे पाहिले, घरातल्या बाईकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "एवढं होतं, तर सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं," सून म्हणाली.

"म्हणजे... इतकं आहे हे सांगायला पाहिजे होतंस. मला वाटलं, कंटाळलीय."

"किती आहे ते कसं सांगतात? माइकवर येऊन?"

"आवाज कशाला चढवतेस?"

"गप ऱ्हावा दोगं," मावशी म्हणाल्या. "लोकाच्या दारात हाय." हातातली शेंग त्यांनी ठेवली. "तू जा वर. मानसं जेवायची थांबली आसतील."

"आणि तू? चल की. गाडी आणतो खाली."

"मी ह्यांच्या गाडीनं साताऱ्याला जाते. ऱ्हाते आज ह्यांच्याकडं. उद्या एष्टीत बसवून देतील."

"अगं, पण सगळे तुझ्यासाठी आलेत."

"माज्यासाटी आल्यात तर मला बगायला खाली न्हाई आलं कोन," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब मांडावा तसे त्यांनी ते मांडले. "जा. जेवून घे. औशीद घे तुजं."

तो गेला. रक्तदाबाची गोळी त्यालाही आहे. ती त्याने घेतली का, ते मला माहीत नाही. ग्रुप फोटो मात्र झाला. तो संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर आला. मधे रिकामे सिंहासन, त्यावर घड्या घातलेल्या शाली, दोन्ही बाजूंना टी-शर्टमधली माणसे, सगळ्यांचे हात जोडलेले. खाली एकच शब्द होता आणि तो अपेक्षित होता. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ती बरीच लांब गेली. फोटोत सून नाही. ती गाडी मोकळी होईपर्यंत बादलीपाशी बसून रेशीम पिळत होती.

निघताना माझ्या बायकोने घरातल्या बाईला लुगडे धुऊन परत पाठवू असे सांगितले. "जुनंच हाय, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मावशी वळल्या. "न्हाई. धाडते." दाणे काढलेला घेवडा त्यांनी सुपात एकसारखा केला, खडे वेचून टाकले आणि उठायला हात पुढे केला. त्या बाईनेच त्यांना उठवले.

मावशी पुढच्या सीटवर बसल्या. मेढा मागे पडला. दोन्ही बाजूंना भात पिवळे पडू लागले होते, बांधांवर सोनकी फुलली होती आणि रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून लोक त्या फुलांत उभे राहत होते. मावशी ते बघत होत्या की नाही, सांगता येणार नाही.

"पेपरात द्यायचंय का त्येला?" त्यांनी अचानक विचारले.

"मला पाठवून दिलंय त्यानं."

"काय लिवलंय?"

मी सांगितले. भरून पावल्याचेही सांगितले.

"मी कवा बोलले?"

"बोलला नाहीत."

"मंग त्येवडं काढ," मावशी म्हणाल्या.

मी बरे म्हणालो. मागच्या सीटवरून बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला. आणखी काही वळणे गेली. मग त्यांनी पाय एकमेकांवर घट्ट घेतले आणि समोरच्या काचेतून पुढचा रस्ता बघू लागल्या.

"म्होरं पंप हाय न्हवं एक?"

"आहे."

"थांबीव तितं. मला जायाचं हाय."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. इतक्या वर्षांत असे काही त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. निरोप सुनेमार्फत, बायकोमार्फत येत. मी गाडी पंपावर घेतली आणि संडासाच्या दारापर्यंत नेली. दाराला कुलूप होते. पेट्रोल भरणारा माणूस लांब होता, त्याच्यापुढे मोटारसायकलींची रांग होती. मी दार उघडून त्याच्याकडे निघणार, तोच मावशींनी काच पूर्ण खाली केली.

"ये बाबा!" त्यांनी हाक मारली. "चावी आण हिकडं. आदी चावी, मंग पेट्रोल."

रांगेतली माणसे वळून बघू लागली. मावशींनी त्यांच्याकडे बघितले नाही. त्यांनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, हाक मारली.